पेट्रा एका दिवसात उरकतं का?

प्रश्न: दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन जॉर्डनला जायचंय, दोघंही साठीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात. टूरवाला म्हणतो पेट्रा, म्हणजे ते डोंगरात कोरलेलं जुनं शहर, एका दिवसात होतं आणि वादी रमच्या वाळवंटात जीप फिरवून संध्याकाळी अकाबाला परत. चालेल का? व्हिसाचं पण सांगा. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: उरकायचंच असेल तर उरकेल हो, पण मग एवढं लांब जायचं कशाला! पेट्राला दोन दिवस ठेवाच. गेटपासून ‘खजिना’ म्हणतात त्या, सगळ्या फोटोंत दिसणाऱ्या कड्यात कोरलेल्या वास्तूपर्यंत दोनेक किलोमीटर चाल आहे, त्यातली सव्वाएक किलोमीटर सीक नावाच्या चिंचोळ्या घळीतून. आईंना बॅटरीच्या गाडीत बसवा, तुम्ही आणि बाबा चालत जा आणि जाताना भिंतीतले कोरलेले पाण्याचे पाट नक्की बघा, कारण माझ्या मते खरं पेट्रा ते आहे, खजिना नंतर. येमेन-ओमानकडून लोबान आणि हिराबोळ घेऊन गाझाकडे निघालेले उंटांचे तांडे इथे थांबायचे ते पाण्यासाठी, आणि इथल्या नाबातियन या प्राचीन अरब लोकांनी त्या पाण्यावर आणि जकातीवर अख्खं शहर उभं केलं, ते 106 साली रोमनांनी घेतलं. पावसाचा लोंढा घळीत शिरू नये म्हणून त्यांनी तोंडाशी बांध घालून बोगद्यातून पाणी वळवलं होतं. 1963 मध्ये असाच लोंढा आला आणि वीसहून जास्त फ्रेंच प्रवासी गेले, त्यानंतर तो बांध परत बांधला. म्हणून पाऊस असला की आत जायची घाई नको, गाइड थांबा म्हणाला की थांबायचं.

खजिना वरून खाली कोरत आणलाय, आपल्या कैलास लेण्यासारखाच. वरच्या कलशात सोनं आहे समजून बेदुइनांनी, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांनी, त्यावर गोळ्या झाडल्या, खुणा अजून दिसतात, कलश मात्र भरीव दगडाचा! वर डोंगरावर मॉनेस्ट्री नावाची अशीच कोरलेली वास्तू आहे, तिच्या आठशेच्या वर पायऱ्या आईंनी सोडाव्यात, गाढववाले मागे लागतील, त्यांनाही नाही म्हणा.

वादी रमला रात्र काढाच, टूरवाल्याशी भांडावं लागलं तरी. दुपारी नुसता उन्हाचा भगभगाट असतो, रंग येतो तो सूर्य कलल्यावर आणि तेव्हाच तुमची जीप परत निघालेली असणार. नोव्हेंबरात रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर आणि कानटोपी घ्या.

जॉर्डन पास निघायच्या आधी ऑनलाइन घ्या, त्यात पेट्राचं तिकीट येतं आणि किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाची फी माफ. घेताना पेट्राचे दोन दिवसवाला निवडा. दिनार डॉलरपेक्षा महाग आहे, तेव्हा हिशोब आधीच करा.