रवळनाथ हे मुलाचं नाव कुठून आलं, आणि आता ते कुणी ठेवतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: राहायला पुण्यात, सासर बेळगावच्या खानापूर तालुक्यातलं, मुलगा झालाय आणि सासऱ्यांनी ‘रवळनाथ’ हे नाव काढलंय. नेटवर हुडकलं तर एके ठिकाणी ‘सूर्य’ असा अर्थ मिळाला, बाकी ठिकाणी काहीच नाही. मग या नावाचा अर्थ काय, ते चालतं का, आणि पोराला पुढे त्रास होईल का?

मी त्याच तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालो. हजेरी घेण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे नावांचा विषय निघाला की मला आवरत नाही. उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

नाव दुर्मिळ आहे का, हे तुम्ही कुठे उभं राहून विचारता त्यावर आहे. रवळनाथ हा आमच्याकडचा गावदेव, आणि त्याच्या नावाच्या पोराला घरोघरी रवळू म्हणतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला चौथीच्या वर्गात एकाच वेळी तीन रवळू होते. नुसतं ‘रवळू’ म्हटलं की तिन्ही कोपऱ्यांतून ‘हजर’. शेवटी थोरला रवळू, बारका रवळू आणि मळ्यातला रवळू अशी वाटणी केली. थोरला अंगाने बारक्यापेक्षा लहान होता, पण वयाने सहा महिने मोठा, आणि तो मान त्याने सोडला नाही. हेच नाव तुम्ही सोलापूरला किंवा जळगावला सांगा, लोक दोनदा विचारतील.

आता अर्थ. ‘सूर्य’ डोक्यातून काढून टाका. रवि आणि रवळ यांची सुरुवात सारखी दिसते म्हणून कुणीतरी जोडून दिलंय, मधला ळ कुठून आला ते सांगत नाही. मला पटते ती वाट वेगळी आहे. संस्कृत ‘देवकुल’ प्राकृतातून घासत घासत मराठीत ‘देऊळ’ झालं. त्याच वाटेने ‘राजकुल’ चाललं आणि त्याचं ‘राऊळ’ झालं. आधी राजाचं घर, मग मानाची पदवी, आणि मराठीत तर देवाचं मंदिरही. चक्रधरस्वामींचे गुरू रिद्धपूरचे गोविंदप्रभू, त्यांना गुंडम राऊळ म्हणत. त्यांच्या आधीचे चांगदेव, तेही राऊळच. उत्तरेत गेलात तर मेवाडचा बाप्पा रावल, आणि बद्रीनाथच्या मुख्य पुजाऱ्याला आजही रावल म्हणतात. तिकडे ल राहिला, आपल्याकडे ळ झाला, जसं फलचं फळ आणि कमलचं कमळ. सिंधुदुर्गातलं राऊळ आडनाव याच कुळातलं. नाथपंथातही रावळ नावाची एक शाखा आहे, आणि आपल्या देवाच्या नावाच्या शेवटी नाथ आहेच. तेव्हा रवळनाथ म्हणजे राजेपणाचा मान असलेला नाथ, असं मी पोरांना सांगत आलो.

देव म्हणून तो शंकराचा, भैरवाच्या अंगाचा. उभी मूर्ती, चार हात, हातांत खड्ग, त्रिशूल, डमरू आणि पानपात्र. जोतिबाच्या हातातही हेच असतं, म्हणून आमच्याकडची जुनी माणसं दोघांना एकच समजतात. हा गावाचा राखणदार. शेत पेरायचं, पोरगी द्यायची, हरवलेली म्हैस शोधायची, सगळ्याला याच्याकडे कौल लावायचा. गुरव मूर्तीला पाकळ्या लावणार, आपण हात जोडून गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पाकळी पडते की डावी याच्याकडे सगळं घर डोळे लावून बसणार. गोव्यात पेडण्याला कोजागिरीच्या पुनवेला रवळनाथ आणि भूतनाथ यांचा मोठा उत्सव असतो. तिथला भूतनाथ ‘माझं देऊळ एका रात्रीत बांधून द्या’ म्हणून रुसून रानाकडे निघतो आणि लोक त्याची समजूत घालून परत आणतात. आमचा रवळनाथ एवढा रुसका नाही.

या देवाचा पट्टा अरुंद आहे. पेडणे, सिंधुदुर्ग, घाट चढून आलं की आजरा, चंदगड, आणि मग आमचा खानापूर तालुका आणि बेळगावचा पश्चिमेचा, डोंगराकडचा भाग. 1956 पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. राज्यं पुन्हा आखली तेव्हा ते कोल्हापूरला गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. तालुका हलला, देव होता तिथेच आहे. पाहुणे तिकडचे इकडे आणि इकडचे तिकडे, त्यामुळे नावं अजून दोन्हीकडे सारखीच. इथून पूर्वेला माळाकडे निघालात की रवळू संपतो आणि सौंदत्तीच्या यल्लम्माचा मुलूख सुरू होतो. मग यल्लाप्पा आणि परशराम. यल्लम्मा म्हणजे रेणुका आणि परशराम तिचा मुलगा, म्हणून बेळगाव भागात ज्या गल्लीत परशराम नाही ती गल्ली दाखवा म्हणावं. नावापुढचा तो ‘आप्पा’ कानडी शेजाऱ्यांचा, पण कल्लाप्पा, मल्लाप्पा, नागाप्पा आमच्या मराठी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्याला इथे कुणी परकं म्हणत नाही. बदली होऊन नव्या शाळेत गेलो की पहिल्या दिवशी नुसता हजेरीपट वाचायचो. गाव रानाकडचं की माळाकडचं, तिथेच कळायचं.

मग हे नाव कमी का झालं? नेमका कधीचा तो दिवस मला सांगता यायचा नाही, पण एक सकाळ चांगली लक्षात आहे. जून महिना, बाहेर पाऊस लागलेला, एक बाप पोराला पहिलीत घालायला आला. छत्री दारात उभी केली. मी रजिस्टर उघडून विचारलं, नाव काय घालायचं?

‘‘रवळूच घाला की ओ गुरुजी. नवसाचं पोरगं हाय.’’

मागे त्याची बायको उभी होती, पदर तोंडावर धरून. ती हळूच म्हणाली, ‘‘राहुल लावा ओ. रवळू म्हटलं तर पोरं हसत्यात.’’

बाप गप्प झाला. मी दोघांकडे बघितलं आणि म्हणालो, रवळनाथ लिहितो, घरात काय हाक मारायची ती मारा. तेवढ्यावर भागलं. पण त्यानंतर दरवर्षी राहुल वाढत गेले आणि रवळू आटत गेले. रवळू हे नाव शेतात, गोठ्यात, पंगतीत वाढप करणाऱ्या माणसाला शोभतं आणि साहेबाला शोभत नाही, असं लोकांना वाटायला लागलं होतं. तसं मला कधीच वाटलं नाही, पण माझ्या मुलाचं नाव मी तरी कुठे रवळू ठेवलं? आता लग्नपत्रिका येतात त्यांच्यावर सगळ्यात वर ‘श्री रवळनाथ प्रसन्न’ ठळक असतं, आणि खाली चिरंजीवांच्या जागी अथर्व किंवा ओंकार. देव पत्रिकेवर राहिला, नवऱ्याच्या नावातून उतरला.

तो पावसातला मुलगा आता पुण्याकडे एका कंपनीत आहे. तिथे त्याला सगळे ‘नाथ’ म्हणतात. गावी आला की आईच त्याला ‘रवळ्या’ म्हणून हाक मारते, राहुल म्हणायचं होतं तीच.

आता त्रासाचं. देवाचा त्रास नाही, ळ चा आहे. कानडीत ळ आहे, त्यामुळे इथल्या कानडी कागदावर हे नाव जसंच्या तसं उतरतं. सीमाभागात राहून एवढी तरी सोय आहे बघा. इंग्रजीत ळ नाही, आणि हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडातही तो बसत नाही. तिकडे तुमचा मुलगा ‘रावलनाथ’ होणार हे धरून चाला. त्याहून मोठा घोळ स्पेलिंगचा. आर नंतर एक ए की दोन, व ला व्ही की डब्ल्यू, जो कारकून भेटेल त्याच्या मर्जीवर. या घोळात माझाही हात आहे, तो कबूल करतो. नोकरी नवीन असताना मी एका मुलाचं नाव रजिस्टरात ‘रावळू’ लिहिलं. एक काना जास्त. बापाला वाचता येत नव्हतं, पोराने लक्ष दिलं नाही. दाखल्यावर रावळू गेलं, रेशन कार्डावर रवळू होतं, आणि आधारवर तिसरंच काहीतरी आलं. सैन्यभरतीच्या वेळी कागद जुळेनात, तेव्हा तो वकिलाकडे जाऊन अफिडेव्हिट करून आला. माझ्या दारावरून जाताना म्हणाला, ‘‘गुरुजी, तुमचा काना लई महाग पडला.’’ चहा पिऊन गेला, पण मी तो काना विसरलो नाही.

म्हणून नाव ठेवणार असाल तर कागदावर रवळनाथच लिहा, रवळू नको. रवळू घर आपोआप करतं, त्यासाठी नोंदणी लागत नाही. स्पेलिंग एकदा ठरवा, एका चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि जन्मदाखल्यापासून दहावीपर्यंत तेच वापरा. घाईही नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण तेव्हा नावाशिवाय नोंद झाली तरी चालते. नाव पुढच्या 12 महिन्यांत फुकट घालता येतं, त्यानंतर उशिराचे पैसे भरून 15 वर्षांपर्यंत. पण एकदा घातलेलं नाव बदलणं हे वेगळंच लचांड आहे, तेव्हा दोन महिने घरात हाका मारून बघा आणि मग लिहा.

माझं मत विचाराल तर ठेवा. तुमच्या मुलाच्या वर्गात दुसरा रवळनाथ असणार नाही, त्याला थोरला-बारका करावं लागणार नाही. आणि हल्ली मल्हार, रुद्र अशी देवांची नावं शहरात हौसेने ठेवतातच की. मल्हार चालतो तर रवळनाथाने काय घोडं मारलंय?

फक्त एक गोष्ट सासऱ्यांना आधी विचारा. त्यांच्या वडिलांचं किंवा आजोबांचं नाव रवळू होतं का? आमच्याकडे आजोबाचं किंवा पणजोबाचं नाव पोराला घालायची जुनी चाल आहे, आणि तसं असेल तर तुमच्या सासूबाई ते नाव तोंडातून काढणार नाहीत, सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं म्हणून. माझ्या आईने सख्ख्या नातवाला शेवटपर्यंत ‘आप्पा’ म्हटलं, आणि त्याच्यावर ओरडायचं असलं तरी ‘अहो आप्पा’ म्हणूनच ओरडायची. तेव्हा बारशाच्या आधी सासूबाईंना एक हाकेचं नाव ठरवायला सांगा, नाहीतर तेही त्याच ठरवतील.