प्लेसिओसॉर चारही पाय मारायचा?

प्रश्न: वर्सोवा बीचवर समुद्री कासवांची पिल्लं बघितल्यापासून मुलगी विचारतेय, कासव पोहताना पुढच्याच पायांनी जोर मारतं, मग प्लेसिओसॉरला (डायनासोरच्या काळातला समुद्री सरपटणारा प्राणी) चार एकसारखे कशाला? – एक आई, अंधेरी

उत्तर: पोरीला शाबासकी द्या, भल्याभल्यांचं डोकं खाल्लंय या प्रश्नाने! कासवाचे मागचे पाय मुख्यतः वळायला, पण प्लेसिओसॉरचे चारही लांब पंखांसारखे, आणि ते वल्ह्यासारखे मागे ढकलण्यापेक्षा वर-खाली फडफडवायचा असं बहुतेकांचं मत, राणीच्या बागेतले पेंग्विन काचेजवळ उभं राहून बघा म्हणजे कळेल. २०१७ मध्ये साउदम्प्टन युनिव्हर्सिटीवाल्यांनी पाण्याच्या टाकीत रोबोट फ्लिपर (म्हणजे असेच पोहायचे चपटे पाय) हलवून पाहिले, तर पुढच्या फ्लिपरने उठलेल्या भोवऱ्यांत मागचा बरोब्बर टायमिंगने हलला की त्याचा जोर ६० टक्क्यांपर्यंत वाढतो. टायमिंग चुकलं की मात्र उलटा तोटा.