किल केलेली प्रोसेस पुन्हा उभी राहत असेल, तर आधी तिचा पालक शोधा

उद्यमबागेतील फाउंड्रीच्या ऑफिसात, लिनक्स संगणकावर बिले छापणारी पायथन स्क्रिप्ट किल केली, म्हणजे तिची चालू प्रोसेस बंद पाडली, तरी काही क्षणांत नव्या क्रमांकाने परत सुरू होते, तेव्हा तिला कोण चालू करते ते टर्मिनलवरून कसे पाहावे, असा तुमचा प्रश्न आहे.

‘पीएस -ईएफ --फॉरेस्ट’ ही कमांड दिल्यास सर्व प्रोसेस वंशवृक्षासारख्या दिसतात. दुसऱ्या स्तंभात प्रोसेसचा स्वतःचा क्रमांक म्हणजे पीआयडी असतो आणि तिसऱ्यात पालकाचा, म्हणजे तिला चालू करणाऱ्या प्रोसेसचा, क्रमांक; तो पीपीआयडी. मात्र शेकडो ओळींत डोळे फिरवण्यापेक्षा खालून वर चढणे सोपे, असे माझे मत आहे. स्क्रिप्टचा पीआयडी ४३१२ असेल, तर ‘पीएसट्री -एपीएस ४३१२’ लिहा. यातील ‘एस’मुळे तिचे पूर्वजही दिसतात, ‘पी’मुळे क्रमांक आणि ‘ए’मुळे पूर्ण आदेश. कमांड सापडली नाही तर पीएसमिस्क हे पॅकेज बसवावे लागेल.

पायथनच्या वर बॅश (कमांड चालवणारी शेल) दिसली आणि तिच्यापुढे एखाद्या शेल स्क्रिप्टचे नाव असले, तर बहुधा त्या स्क्रिप्टमधील लूपच नवी प्रोसेस जन्माला घालत आहे. अशा वेळी आधी पालक बंद करावा, नंतर अपत्य. केवळ पालक बंद केल्याने अपत्य आपोआप थांबेलच असे नाही.

इथेच एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. जमिनीच्या उताऱ्यावर आजच्या खातेदाराचे नाव असते, मूळ मालकाचे असेलच असे नाही. पीपीआयडीचेही तसेच आहे. मूळ पालक संपला की कर्नेल (लिनक्सचा गाभा) त्या पोरक्या प्रोसेसला १ क्रमांकाच्या प्रोसेसकडे, किंवा पूर्वजांपैकी कोणी सबरीपर (पोरक्या प्रोसेस स्वतःकडे घेणारी प्रोसेस) म्हणून नोंद केलेली असल्यास सर्वांत जवळच्या सबरीपरकडे सोपवते, आणि जुन्या पालकाचा क्रमांक या यादीत उरत नाही. त्यामुळे पीपीआयडी १ दिसला, तर प्रोसेस पोरकी झालेली असेल किंवा सिस्टिमडीनेच (सेवा सुरू-बंद करणारी, सहसा १ क्रमांकाचीच प्रोसेस) तिला सेवा म्हणून सुरू केले असेल, आणि वृक्ष पाहून या दोहोंत भेद करता येत नाही.

त्यासाठी ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस ४३१२’ असे थेट पीआयडी देऊन विचारावे. ती प्रोसेस कोणत्या युनिटमध्ये, म्हणजे सिस्टिमडी सांभाळत असलेल्या कोणत्या गटात, मोडते ते पहिल्याच ओळीत येते. तुमच्याकडे किल केल्यावर ती पुन्हा उभी राहत असल्याने, तिथे ‘सर्व्हिस’ने संपणारे नाव दिसल्यास त्या युनिटच्या फाइलमध्ये ‘रिस्टार्ट=ऑलवेज’ (बंद पडली की पुन्हा सुरू करा) अशी ओळ आहे का, ते तपासा. असल्यास किलच्या मागे न लागता ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप’ने ती सेवा थांबवावी, आणि संगणक पुन्हा चालू केल्यावरही ती नको असेल तर ‘डिसेबल’ही करावे.