रिपोर्ट नॉर्मल आले, तरी कोलायटिस असलेली माझी ११ वर्षांची मुलगी पोट दुखतं म्हणून शाळा टाळते. ती नाटक करतेय का?

मला तरी नाटक वाटत नाही. मी डॉक्टर नाही, पण मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होण्याचा आजार) बाराव्या वर्षी झाला, त्यामुळे तुमच्या मुलीच्या बाजूने काय दिसतं ते सांगू शकतो.

आईवडील मोजत बसतात. शी किती वेळा झाली, रक्त पडलं का, वजन किती भरलं. मोजायलाच हवं म्हणा, डॉक्टरही तेच करतात. मुलांच्या कोलायटिससाठी पुकाई नावाचा स्कोअर असतो. पोटदुखी, रक्त, शी किती पातळ, दिवसातून किती वेळा, रात्री उठावं लागतं का आणि हिंडणंफिरणं किती कमी झालंय, या सहा गोष्टींचे मिळून ८५ गुण. एकट्या रक्तालाच ३०. बेरीज १० च्या खाली आली की आजार शांत झाला असं धरतात. पण यातलं काहीच मशीन सांगत नाही, सगळं तोंडी विचारून ठरतं. आणि मी धडधडीत खोटं बोलायचो.

“किती वेळा?” “दोनदा.” झालेली असायची पाच वेळा. पाच म्हटलं की स्टिरॉइड वाढणार, आणि स्टिरॉइडने माझे गाल इतके सुजले होते की वर्गात मला ‘फुगा’ नाव पडलं होतं. आईला आवाज जाऊ नये म्हणून मी नळ सोडून बसायचो. पहाटे तीनला बाथरूमचा दिवा दिसला तेव्हा पकडला गेलो.

तुमच्याकडे उलटं दिसतंय, रिपोर्ट चांगले आणि दुखणं चालू. हेही खरंखुरं असू शकतं. सूज उतरली तरी आतड्याच्या नसा बराच काळ हळव्या राहतात आणि एरवी जाणवलंही नसतं अशा गॅसने कळ येते. त्यात भीतीची भर पडते. म्हणून ‘रिपोर्टमध्ये काही नाही’ याचा अर्थ ‘तुला काही होत नाही’ असा काढू नका. शीमधलं कॅल्प्रोटेक्टिन नावाचं प्रथिन तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारा, त्यावरून आतड्याला सूज आहे की नाही याचा बराच अंदाज येतो. रक्त दिसलं, रात्री उठावं लागलं, ताप आला, वजन किंवा उंची अडली, तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि बरं वाटतंय म्हणून औषध मनाने बंद करू नका.

आता शाळेचं. मला त्रास पोटातल्या कळेचा नव्हता, शीच्या घाईचा होता. एकदा लागली की हातात दोन मिनिटं. हात वर करायचा, बाई फळ्याकडे तोंड करून लिहितायत, त्या वळेपर्यंत घाम फुटलेला. मग “आत्ताच जाऊन आलास ना?” आणि अख्ख्या वर्गाच्या माना माझ्याकडे. नंतर मी सकाळचं खाणंच सोडलं, कारण खाल्लं की आतडं हलतं हे पोरांनाही अनुभवाने कळतं. तिसऱ्या तासाला डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरी सगळे म्हणायचे, आजाराचा थकवा. अर्धा थकवा उपाशीपोटाचा होता, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

हे सगळं विचारायला एक वेगळी प्रश्नावली आहे, इम्पॅक्ट-३. त्यात ३५ प्रश्न असतात आणि ९ ते १७ वर्षांची मुलं स्वतःच ती भरतात. पोटाबरोबर शाळा, मित्र, स्वतःचं दिसणं, औषधांचा कंटाळा, असं बरंच काही त्यात येतं. डॉक्टरांना या प्रश्नावलीबद्दल विचारून बघा. मुलगी भरत असताना तुम्ही खोलीबाहेर थांबा, हे महत्त्वाचं.

घरी एक करा. शी झाली का, हे रोज दारातून विचारू नका. आमच्याकडे शेवटी आठवड्यातून एक दिवस ठरला, त्या दिवशी मी वही दाखवायचो. बाकीचे सहा दिवस आई विषय काढायची नाही. तिला ते फार जड गेलं, पण खरे आकडे तेव्हापासून मिळायला लागले.

शाळेत डॉक्टरांचं पत्र द्या. न विचारता उठून जायची मुभा, दाराजवळचा बाक, दप्तरात कपड्यांचा एक जास्तीचा जोड. भीती तरीही गेली नाही तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्या. त्यांच्याकडे या भीतीवर काम करायच्या पद्धती आहेत, मला त्याचा उपयोग झाला.

आणि एकदा स्वतः शाळेत जाऊन मुलींच्या टॉयलेटला आतून कडी लागते का, ते बघून या. आमच्या शाळेत लागायची नाही. दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.