शुगर श्रीमंतांचा आजार म्हणतात, मग पाय गरिबांचेच का कापले जातात? पथ्य पाळत नाहीत म्हणूनच ना?

तुमच्या प्रश्नातलं ते शेवटचं "म्हणूनच ना" वाचून उत्तर लिहायला बसलेय. हेच वाक्य मी आमच्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या दहाव्याला ऐकलंय, तेही सख्ख्या चुलतभावाच्या, दादाच्या तोंडून.

आधी तो श्रीमंतांच्या आजाराचा गैरसमज काढून टाका. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) मोठा अभ्यास आला, त्यात देशात साधारण १० कोटी लोकांना शुगर, म्हणजे ११.४ टक्के. त्याच अभ्यासाचे आधी, २०१७ मध्ये आलेले आकडे बघितले तर महाराष्ट्रातल्या शहरी भागात खालच्या आर्थिक गटात शुगरचं प्रमाण वरच्या गटापेक्षा जास्त निघालं होतं. खेड्यात अजून उलटं आहे, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते कळतं. मी मिरजेत मेडिकलच्या काउंटरला चौदा वर्षं आहे, मला ते अभ्यासाशिवाय पण दिसतं. "पाचच गोळ्या द्या" म्हणणारं गिऱ्हाईक रोज येतं. कात्रीने पट्टी कापून देते.

आता अण्णांचं सांगते. सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल, हळदीची पोती. थोरले काका झेडपीत मास्तर. दोघांना शुगर, काकांना तर आधीपासून. दोघांचे एकाच वर्षीचे एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे रिपोर्ट माझ्याकडे अजून आहेत, अण्णांचं ९.१ आणि काकांचं ८.८. म्हणजे पथ्य दोघंही सारखंच पाळत होते, किंवा पाळत नव्हते म्हणा.

अण्णांना साधी स्वस्तातली ग्लिमेपिराइड होती. ही गोळी घेतली की वेळेवर खावं लागतं, नाहीतर साखर एकदम खाली जाते, आणि यार्डात गाडी आली की ती रिकामी होईपर्यंत जेवण नाही. एकदा ५० किलोचं पोतं पाठीवर असताना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, फळीवरून पडता पडता वाचले. त्या दिवसापासून काम असलं की गोळी बंद, सुट्टीला चालू. डॉक्टरांना सांगितलं नाही कारण डॉक्टरांनी काम काय करता हे कधी विचारलं नाही. दादा, काकांचा मुलगा, याला हलगर्जीपणा म्हणतो. दादा पुण्यात एसीत बसून काम करतो, अकरा वाजता बिस्किट, एक वाजता डबा.

मग पाय बधिर व्हायला लागले. आम्हाला कसं कळलं माहितीये का, चालता चालता अण्णांची चप्पल पायातून निसटायची आणि ते तसेच पुढे जायचे. गल्लीतली पोरं मागून ओरडायची "अण्णा, चप्पल राहिली!" आणि आम्ही हसायचो. मी सुद्धा. मी, डी फार्मसी झालेली. चप्पल पडलेली न कळणं म्हणजे पायाच्या नसा गेल्यात हे मला माहीत असायला हवं होतं.

२०१४ च्या मे महिन्यात आई फरशी पुसताना म्हणाली हे लाल कशाचं. उजव्या पावलाचे ठसे उंबऱ्यापासून मोरीपर्यंत. चप्पल उलटी करून बघितली तर तळातून खिळा वर आलेला, चांगला अर्धा इंच, आणि त्या खिळ्यावर माणूस दोन दिवस चालला होता. मी दवाखान्यात चला म्हणाले तर "काय नाय गं, हळद लाव, अख्ख्या सांगलीची हळद पाठीवरनं न्हेलीय, मला काय हुतंय." दुखतच नव्हतं तर माणूस हजेरी बुडवून दवाखान्यात कशाला जाईल? हजेरी बुडली की त्या दिवसाचा पगार शून्य. आई तासगावला बेदाणा निवडायला जायची, तिची तीच गत. जूनमध्ये अंगठा गेला, ऑगस्टमध्ये गुडघ्याखालून पाय. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, रुपया लागला नाही. त्याआधीची सगळी ड्रेसिंग खिशातून होती, म्हणून एकाआड एक दिवस करायची ती आम्ही आठवड्यातून दोनदा केली.

काकांच्या पण पायाला जखम झाली होती. पगारी रजा, मेडिकल बिल मंजूर, काकू घरी, रोज रात्री परातीत पाय ठेवून बोटांच्या बेचक्या बघायच्या. एमसीआरची चप्पल घेतली, ती मऊ रबराची, जी मुळात कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी असते. तीन आठवड्यात जखम भरली. डोळ्याचा पडदा दरवर्षी तपासायचे, तिथे सुरुवातीलाच सापडलं म्हणून लेसर करून नजर वाचली.

आणि नुसती औषधं फुकट वाटून भागत नाही. इंग्लंडात उपचार सरकारी आहेत, तरी तिथेही गरीब वस्त्यांमध्ये पाय कापण्याचं प्रमाण जास्तच निघतं. ते काय सगळे जिलेबी खाणारे आहेत का? किडनीचं पण असंच होतं, पण त्यावर लिहायला लागले तर संपणार नाही.

तुमच्या घरी कुणाला शुगर असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि पाय तपासून घ्या, पाय रोज रात्री दुसऱ्या कुणीतरी बघा, चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवा. कामाचं स्वरूप डॉक्टरांना आपणहून सांगा, घाम फुटत असेल तर गोळी बदलून मिळते, अण्णांसारखी मनाने बंद करू नका. सरकारी दवाखान्यात मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी फुकट मिळते, संपलेली नसेल तेव्हा.

पथ्याला अर्थ नाही असं मी म्हणत नाहीये, साखर आटोक्यात असलेलं केव्हाही चांगलं. आणि अण्णा बिडी ओढायचे, दिवसाला एक कट्टा, हे मी वर मुद्दाम लिहिलं नाही. बिडीने पायाचा रक्तपुरवठा कमी होतो, तो वाटा त्यांचा. पण काका पण सिगारेट ओढायचे, शाळा सुटल्यावर.

दहाव्याला दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या लग्नात अण्णांनी दोनदा जिलेबी घेतली होती, तेव्हाच म्हटलं होतं मी." तेव्हा घाटावर मला बोलता आलं नाही. तर दादा, वाचत असशील तर तुझ्या लग्नाची सीडी लावून बघ. दुसऱ्यांदा जिलेबी वाढणारा हात तुझ्या वडिलांचा आहे, आणि अण्णांना वाढून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या ताटात पण दोन घेतल्यात. काका परवा आमच्या दारावरून फिरायला गेले, दोन्ही पायांनी.