कोण कोणासाठी थांबलंय?

प्रिय मुली,

तुझा मेल काल रात्री दोनदा वाचला. छोट्या फाइलवर तुझा प्रोग्राम चालतो, मोठ्या फाइलवर लटकतो, म्हणून तू टाइमआउट लावलास (ठरावीक वेळ थांबून सोडून देणं), तीन रिट्राय टाकले (पुन्हा प्रयत्न) आणि बफर, म्हणजे मधली साठवायची जागा, मोठा केलास. शेवटी लिहिलंयस, ‘आता चालतंय, पण का ते कळत नाही.’ रिट्रायचं वाचून मी चिडलो होतो. या शेवटच्या वाक्यामुळे उत्तर लिहायला बसलो.

प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, एकमेकींशी बोलाव्यात म्हणून पाइप, मेसेज क्यू, सॉकेट की शेअर्ड मेमरी, यांतलं काय घेऊ असं विचारतेस. तो प्रश्न तूर्त राहू दे. आधी एक कोरा कागद घे. तुझ्या सगळ्या प्रोसेस त्यावर काढ आणि प्रत्येकीपुढे लिही: ही कोणासाठी थांबते, आणि हिला उठवणार कोण? एवढं लिहून होईपर्यंत कीबोर्डला हात लावू नकोस.

हे माझं खूळ नाही. ज्यांनी ही सगळी साधनं घडवली, ते याच प्रश्नाशी झगडत होते. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनी सेमाफोर आणला, म्हणजे प्रोसेसना थांबवणारा-सोडणारा एक मोजणारा आकडा, तेव्हा त्यावर दोनच क्रिया ठेवल्या, पी आणि व्ही. पी करताना जागा नसेल तर प्रोसेस झोपते, दुसऱ्या कुणीतरी व्ही केलं की उठते. थांबणं आणि उठवणं, बास. कोपनहेगनला ब्रिंच हान्सन यांनी 1969 साली आरसी 4000 या यंत्रासाठी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, बांधला. त्यात प्रोसेसनी एकमेकींशी बोलायच्या क्रिया चारच होत्या: सेंड मेसेज, वेट मेसेज, सेंड आन्सर, वेट आन्सर. चारांतल्या दोन नुसत्या थांबण्याच्या! निरोप आठ शब्दांचा, त्याहून मोठा नाही. आणि ज्या प्रोसेसला निरोप धाडला ती अस्तित्वातच नसेल, तर कर्नल स्वतः एक पोकळ उत्तर परत पाठवायचा, म्हणजे धाडणारी जन्मभर वाट बघत बसणार नाही. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी त्या माणसानं तुझ्या टाइमआउटचा प्रश्न मुळातून सोडवला होता, कारण त्याने तो आधी विचारला होता.

आता युनिक्सचं ऐक, यात तुझं दुखणं आहे. 1969 मध्ये पीडीपी-7 या यंत्रावर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम पहिल्यांदा झाली, त्यात निरोपाचे दोन सिस्टीम कॉल (कर्नलकडे करायच्या मागण्या) होते, निरोप धाडायला एसमेस आणि घ्यायला आरमेस. धाडणारा समोरच्याने निरोप घेईपर्यंत अडून राहायचा. शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, काय करायचा, तर कमांड चालवायला नवी प्रोसेस काढायचा आणि तिला एक निरोप धाडून अडून बसायचा. तो निरोप कुणी घ्यायचाच नसे. कमांड संपली, प्रोसेस गेली, की शेलला ‘अशी प्रोसेसच नाही’ अशी चूक परत यायची आणि त्यावरून त्याला कळायचं की काम झालं. चालत होतं ना? चालतच होतं. पण त्या कमांडने स्वतःच्या कामासाठी आरमेस केलं असतं, तर शेलचा तो खोटा निरोप तिच्या हाती पडला असता आणि कमांड अजून चालू असताना शेल पुढची ओळ वाचायला लागला असता. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी डेनिस रिची यांनी हे दहा वर्षांनी स्वतःच लिहून ठेवलंय, काही न लपवता. पुढे युनिक्समधून ही निरोपांची सोय गेली आणि साधा वेट (‘थांब’) हा कॉल आला. त्यात करामत कमी होती, पण कोण कोणासाठी थांबलंय हे नावातच लिहिलेलं होतं.

पाइप म्हणजे एका प्रोसेसने लिहायचं आणि दुसरीने वाचायचं अशी नळी. तिची कल्पना बेल लॅब्सच्या डग मॅक्लरॉय यांनी 1964 च्या टिपणात मांडली होती, बागेतल्या नळीला नळी जोडावी तसे प्रोग्राम जोडता यावेत म्हणून. रिचींचे जोडीदार केन थॉम्पसन यांनी 1973 मध्ये ती युनिक्सात उतरवली. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीतला पाइपचा कोड दोन पानांत मावतो. माझ्याकडे त्याची झेरॉक्स आहे, कडा पिवळ्या पडल्यात. पाइपमध्ये 4096 बाइट मावायचे. भरला की लिहिणारा झोपणार, आणि वाचणाऱ्याने पाइप पूर्ण रिकामा केल्यावरच त्याला उठवणार. रिकामा असला की वाचणारा झोपणार. लिहिणारं टोक कुणाकडेच उघडं नसेल तर वाचणाऱ्याला ‘संपलं’ कळणार. प्रत्येक झोपेपुढे उठवणाऱ्याचं नाव आहे. मी तो कोड अजूनही काढून वाचतो.

आता तुझा प्रोग्राम बघ. तू मुलाला, म्हणजे तुझ्या प्रोग्रामने काढलेल्या दुसऱ्या प्रोसेसला, आधी सगळी फाइल एका पाइपातून लिहून देतेस, मग दुसऱ्या पाइपातून त्याचं उत्तर वाचायला बसतेस. मूल मात्र वाचता वाचता उत्तर लिहायला लागलेलं असतं. त्याचा पाइप भरला, कारण तू वाचत नाहीस. ते झोपलं. ते वाचत नाही म्हणून तुझाही पाइप भरला. तू झोपलीस. उठवणार कोण? छोटी फाइल चालते कारण ती पाइपात मावते. लिनक्सवर आज पाइपात 65,536 बाइट मावतात, म्हणून तुझं दुखणं 4096 ला दिसलं नाही, पुढे जाऊन दिसलं. बफर वाढवून तू ते आणखी पुढे ढकललंस, इतकंच. आणि रिट्रायने काही चालत नाहीये. आज फाइल लहान आहे, म्हणून चालतंय. हे लिहिताना मला पुन्हा राग येतोय. तो तुझ्यावर नाही.

वीसेक वर्षांपूर्वी मी जिथे होतो, तिथे दोन प्रोसेस शेअर्ड मेमरीतून, म्हणजे दोघींनाही दिसणाऱ्या जागेतून, बोलायच्या. रचना माझी. एक बाइट झेंडा म्हणून ठेवला होता: एकीने रेकॉर्ड लिहून झेंडा उभा करायचा, दुसरीने थोड्या थोड्या वेळाने डोकावून बघायचं. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं, याचा मला अभिमान होता. एक प्रोसेसर होता तोवर निभावलं. दोन प्रोसेसरचं नवं मशीन आलं आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धवट रेकॉर्ड यायला लागलं. मी सांगितलं, रात्री रीस्टार्ट करत जा. टीममधला एक मुलगा, तुझ्याच वयाचा, कागदावर बाण काढून घेऊन आला. ‘सर, इथे कुणीच थांबत नाहीये.’ मी म्हटलं, आधी रिलीज होऊ दे. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. काही महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला. चूक सापडली ती त्याच बाणावर, आणि तोवर तो कुठे आहे हे विचारायचीही मला लाज वाटली.

तेव्हापासून कागदाशिवाय मी कुणाचा कोड तपासत नाही. यापायी एकदा एक रिलीज दोन आठवडे अडली, माझ्याकडची टीम दुसऱ्याकडे गेली. हट्टी म्हणतात, म्हणू देत. त्या दोन आठवड्यांत अशा दोन जागा सापडल्या होत्या, आणि पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा अडवेन. तू मला हे पटवून देऊ नकोस की आजकाल इतका वेळ कुणाकडे नसतो. वेळ मीही वाचवला होता.

रिट्राय काढून टाक. टाइमआउटही काढ, निदान आठवडाभर. प्रोग्राम लटकू दे, लटकलेल्या प्रोसेसना डीबगर (चालू कोड आतून दाखवणारं साधन) लाव आणि दोघी कुठल्या ओळीवर झोपल्यात ते डोळ्यांनी बघ. लिहिणं आणि वाचणं वेगवेगळ्या थ्रेडांत (एकाच प्रोसेसमधल्या समांतर वाटांत) कर, किंवा पोल (कुठलं टोक तयार आहे ते सांगणारा कॉल) वापर, ते तुझं तू ठरव. फोर्कनंतर, म्हणजे मूल काढल्यावर, पाइपांची नको असलेली टोकं बंद केलीस का, तेही बघ. मूल ज्यातून वाचतं त्या पाइपचं लिहायचं टोक आणखी कुणाकडे उघडं राहिलं, तर त्याला ‘संपलं’ कधीच कळणार नाही.

रविवारपर्यंत कागदाचा फोटो पाठव. बाण दोन्ही दिशांचे हवेत, आणि प्रत्येक बाणावर उठवणाऱ्याचं नाव.

तुझा,
काका

ता. क. मेलमध्ये ‘बहुतेक रेस कंडिशन असावी’, म्हणजे कोण आधी पोचतं यावर निकाल बदलतो, असं लिहिलंयस. ती नाही, हे डेडलॉक आहे: दोघी एकमेकींसाठी कायमच्या अडलेल्या. ते शोधणं सोपं, कारण ते जिथे अडतं तिथेच उभं राहतं. सुरुवात इथून कर.