‘बोलता येत नाही, मग ऑनलाइन तासाला बसवून काय उपयोग?’

२०२० चा ऑगस्ट. द्राक्षाच्या पट्ट्यातल्या एका गावातून फोन आला. मुलगी १४ वर्षांची, आठवीतली. सेरेब्रल पाल्सीमुळे हातपाय ताब्यात नाहीत, मान धरते पण लवकर थकते, शब्द फुटत नाही. नाव शाळेच्या पटावर, शिक्षण मात्र घरी. विशेष शिक्षक अधूनमधून येऊन जायचे. टाळेबंदीत सगळा वर्गच मोबाईलवर आला आणि पहिल्यांदा हिलाही लिंक मिळाली. पंधरा दिवसांत आई थकली. “मॅडम, मांडीवर घेऊन तास तास बसते. सर विचारतात, ‘समजलं का?’ ही नुसती बघत राहते. बोलायचं नाही, लिहायचं नाही. ह्यात काय उपयोग, तुम्हीच सांगा.”

हाच प्रश्न मला अनेक पालक विचारतात. (ही गोष्ट लिहू का, हे मी त्या मुलीलाच विचारलं. तिने होकार दिला. गाव-घर ओळखू येईल असं काही इथे ठेवलेलं नाही.)

प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न असतात. तिला कळतं का? आणि कळत असेल तर ती सांगणार कशी? दुसऱ्याची सोय केल्याशिवाय पहिल्याचं उत्तर मिळतच नाही. सेरेब्रल पाल्सीत मेंदूचा हालचाली सांभाळणारा भाग दुखावलेला असतो. काहींच्या बुद्धीवर परिणाम होतो, काहींच्या नाही. तोंडाकडे बघून ते ठरवता येत नाही. मुंबईच्या मालिनी चिब यांचं बोलणं नवख्याला समजत नाही. एका बोटाने टाईप करून त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आहेत. आईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “तिला बोट तरी हाय.”

मग व्हिडिओ कॉल लावला. फोन तांब्याला टेकवलेला, खाली. पोरगी आईच्या मांडीवर, पाय लोंबकळत. मान सावरण्यातच तिची सगळी ताकद जात होती, शिकायला उरणार काय? ऑक्युपेशनल थेरपिस्टला (बसणं, धरणं अशी रोजची कामं जमवून देणाऱ्या तज्ज्ञाला) कॉलवर घेतलं. हात असलेली खुर्ची, दोन्ही बाजूंना गुंडाळलेली गोधडी, पायाखाली पाट, फोन डब्यांवर चढवून डोळ्यांसमोर. नजर ठरली. ‘हो’ म्हणायला डोळे वर, ‘नाही’ म्हणायला घट्ट मिटायचे, एवढं आधी पक्कं केलं.

चित्रांवर बोट ठेवून बोलायची अ‍ॅप्स आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ फुकट आहे, मराठीतही आहे. पण हिचं बोट पोचत नव्हतं, आणि शाळेचा अभ्यास नुसत्या चित्रांत मावत नाही. अक्षरं हवीत. वडिलांनी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची शीट आणून मधोमध चौकोन कापला. कडेने आठ घरं. इथे आपली वर्णमाला धावून आली: क, च, ट, त, प या वर्गांत पाच-पाच अक्षरं आयतीच आहेत. उरलेल्या व्यंजनांची दोन घरं, मात्रांचं एक. आई शीट मध्ये धरून समोर बसते आणि तिचे डोळे वाचते. पहिली नजर घर सांगते, दुसरी नजर त्या घरातलं कितवं अक्षर ते: तिसरं हवं तर तिसऱ्या घराकडे बघायचं. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही सोडून दिलं.

आईंना नवी धास्ती: “ह्याची सवय लागली तर जे थोडं ऊं-ऊं करते तेही सोडेल का?” आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढलेलंच दिसतं. सांगता आलं की माणूस जास्त सांगू बघतो.

सरांची शंका वेगळी होती. “उत्तर मुलगी देते की आई?” आईंना राग आला, पण मला ही शंका रास्त वाटली. मदत करणाऱ्याचं मन नकळत उत्तरात उतरतं आणि मग मुलीच्या नावावर दुसराच कुणी बोलतो. म्हणून एक तास आईंना बाहेर पाठवलं, फोनजवळ धाकटा भाऊ बसला. विज्ञानाचा तास. संपल्यावर आई आत आल्या आणि मी कॉलवरून सरांचा प्रश्न वाचला: बेदाणे पाण्यात फुगतात, त्या क्रियेला काय म्हणतात?

प. र. आई म्हणाल्या, “परत?” डोळे मिटले. काना. “परात?” डोळे घट्ट मिटले. स. “परास... असं काय नसतंय, बाळा.” ती थांबली नाही. र. ण.

आईंनी माझ्याकडे बघितलं. “परासरण म्हणजे काय, मॅडम?”

सहा खुणा, बारा नजरा, साडेचार मिनिटं. घरी त्यांच्या शेडवर बेदाण्याची रास पडलेली होती, पण हा शब्द आईंनी कधी ऐकलेला नव्हता.

खरी अडचण तेव्हा नीट दिसली. सर ‘समजलं का?’ विचारून दोन-तीन सेकंदांत पुढे जायचे. त्यात तिचं एक अक्षरही होत नव्हतं. सरांशी बोलून ठरलं: एक प्रश्न आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर, उत्तर तासाला चॅटमध्ये. तासाचं रेकॉर्डिंग नंतर पाठवायचं. आईने शब्द पुरा करायचा नाही, फक्त विचारायचा. पुढे मान बळकट झाल्यावर गालापाशी एक बटण बसवलं. अँड्रॉइड फोनमध्ये ‘स्विच अ‍ॅक्सेस’ फुकट मिळतं, एका बटणावर फोन चालतो. तरी थकली की तिला शीटच आवडते. यंत्र महाग असेल तरच काम होईल, असं समजून वर्षं घालवणारी घरं मी पाहिली आहेत. त्याचं फार वाईट वाटतं.

मग २०२१ मध्ये शाळा उघडली आणि लिंक बंद झाली. सगळी मुलं वर्गात गेली, ही एकटी घरात राहिली. आईंचा फोन आला तेव्हा त्या रडत नव्हत्या, चिडलेल्या होत्या. मला बरं वाटलं.

मुख्याध्यापकांना पत्र लिहायला मी मदत केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘संवादा’च्या व्याख्येत बोलण्याला पर्यायी असलेल्या पद्धतीही धरल्या आहेत, हे त्यात घातलं. लेखी परीक्षेत अशा मुलांना तासाला किमान २० मिनिटं जास्त द्यावीत, असं केंद्राच्या २०१८ च्या सूचना तेव्हा सांगत होत्या. मग रोजच्या तासाला चार मिनिटं का नाहीत? शेवटची ओळ मुलीने स्वतः शीटवरून सांगितली: “मला वर्ग ऐकू येऊ द्या.”

रोज दोन तास मिळाले. पहिल्या बाकावर स्टँडला सरांचा जुना फोन. स्टँड तिच्याकडे वळवायचं काम एका मुलीने आपणहून घेतलं. मी एकदा इकडून जोडले गेले होते. सरांनी प्रश्न विचारला, वर्गाकडे बघितलं आणि सवयीने पुढे जायला निघाले.

“सर, थांबा,” ती बाकावरची मुलगी म्हणाली. “तिचं चाललंय.”